रासेयोचे पोट्टे

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या कॉलेजच्या खिडकीपाशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "रासेयो घेऊ का एनसीसी? मार्क कशाले भेटतात?" रासेयो म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. विचारणाऱ्याच्या हातात बारावीची गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत असते, सोबत बाप नाहीतर मोठा भाऊ. खिडकीतले बाबू मान वर न करता सांगतात, "पयले फॉर्म भर, मंग पाहू." पोरगा शेजारच्याने जिथे टिक केली तिथेच टिक करून मोकळा होतो. आमच्याकडच्या बहुतेक समाजसेवेची सुरुवात अशी होते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी होण्याइतकी मी कायम नाही, आणि "मॅडम, शिबिराला मुलींसोबत तुम्ही चला" असं कार्यक्रम अधिकारी असलेल्या सरांनी म्हटलं की नाही म्हणण्याइतकी मोकळीही नाही. त्यामुळे रासेयोचा कारभार मला आतून दिसतो आणि त्याचा हिशोब मात्र मला द्यावा लागत नाही. लिहायला याहून चांगली जागा नाही.

"पोरं मार्कांसाठी येतात" अशी कुरकुर स्टाफरूममध्ये दरवर्षी होते. मला त्या प्रश्नात वावगं काही दिसलं नाही. ज्या घरात कापसाला काय भाव लागला यावर पुढच्या सेमिस्टरची फी ठरते, तिथलं पोरगं कोणत्याही गोष्टीत "मले काय भेटीन" हे विचारणारच. आता तर नव्या शैक्षणिक धोरणाने रासेयो, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम हे सगळं सहअभ्यासक्रमाच्या श्रेयांकांत घेतलं आहे. तेव्हा मोबदल्याचा प्रश्न सरकारनेच सोडवून टाकला. आणि खरं सांगायचं तर मार्कांसाठी आलेला कोण आणि सेवेसाठी आलेला कोण, हे शिबिराच्या तिसऱ्या दिवशी नाली उपसताना ओळखू येत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. ही योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या साधारण ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन. त्याआधी राधाकृष्णन आयोगापासून कोठारी आयोगापर्यंत यावर बराच खल झाला होता. सगळ्यांची काळजी एकच, की शिकलेला तरुण समाजापासून तुटत चालला आहे, त्याला गावात न्या, हाताने काम करू द्या. चौकट आजही तीच आहे. दोन वर्षं, वर्षाला १२० तास, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. शंभर पोरांचं एक युनिट. छातीवर कोणार्कच्या रथचक्राचा बिल्ला, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर.

मुंबई-पुण्याच्या पोरांसाठी हे सगळं ठीक आहे. आमच्या युनिटातली पोट्टी मात्र शिबिरासाठी ज्या गावात जाते ते हुबेहूब तिच्या गावासारखं असतं. तसाच मारुतीपुढचा पार, तशीच जिल्हा परिषदेची शाळा, तशीच तुंबलेली नाली. पहाटे उठून शेण काढून, सडा टाकून, दोन मैल चालत फाट्यावर येऊन गाडी धरणाऱ्या पोरीला उद्घाटनाचे पाहुणे श्रमाचं महत्त्व समजावून सांगतात. ती इतक्या सभ्य चेहऱ्याने ऐकते की मला तिचंच कौतुक वाटतं. गोठा पाहिला नाही असं एकही पोट्टं आमच्याकडे नाही. गावाचं दर्शन घडवण्यासाठी आखलेल्या योजनेत गावचीच पोरं येऊन बसली आहेत, आणि तिने त्यांना काय दाखवायचं हे आम्ही कधी नीट ठरवलंच नाही.

एका शिबिरात हे मला एका शेतकऱ्याने सांगितलं. डिसेंबरचे दिवस, वावरात कापूस फुटलेला, वेचायला बाया मिळत नव्हत्या. आमची पोरं शाळेमागची नाली साफ करत होती. ते काका बराच वेळ सायकलला टेकून उभे होते. मग सरांना म्हणाले, "सर, आमाले कापूस येचाले मान्सं भेटत नाई, अन् हे पोट्टे फुकटात नाल्या काढून रायले. चार दिवस वावरात पाठवा ना. पैसे बी देतो." पोरं हसली. सरांनी "हो हो, बघू" म्हणून वेळ मारून नेली. पण माणूस चुकीचं बोलला नव्हता. अंगमेहनत ही गावाकडे असलेलीच गोष्ट आहे, फक्त तिला मजुरी लागते. गावाकडे जे नाही आणि कॉलेजातल्या पोरांकडे आहे, असं काय?

अंगमेहनतीलाही अर्थ येतो, पण वेळ साधली तर. वनराई बंधाऱ्याचंच घ्या. सिमेंटच्या, खताच्या रिकाम्या गोण्या, नाल्यातलीच वाळू-माती आणि सुतळी, एवढाच खर्च. गोणी गच्च भरायची नाही, थोडी सैल ठेवायची म्हणजे ती खालच्या थरावर नीट बसते. तोंड शिवून घ्यायचं. खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी आली पाहिजे, नाहीतर पाणी सरळ वाट काढतं. फटींमध्ये माती पायाने चेपायची. हे सगळं पावसाळा सरता सरता, नाल्याला धार असतानाच करायचं काम आहे. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा त्याच सुमाराला येतात, मग दिवाळी, मग शिबिराची मंजुरी, आणि शिबिर होतं डिसेंबर-जानेवारीत. तोवर आमच्याकडचे नाले कोरडे ठणठणीत. कोरड्या नाल्यात बांधलेला बंधारा मी पाहिला आहे. फोटोत तो झकास दिसतो.

एका वर्षी बीए दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी शिबिराची वाट न बघता नियमित तासांतच, ऑक्टोबरच्या एका रविवारी, जवळच्याच गावात बंधारा घातला. ना मंडप ना पाहुणे. सकाळी एक म्हातारे गुराखी येऊन बसले आणि पहिला तासभर नुसते बघत राहिले. "फोटू काढाले आले का पानी अडवाले?" त्यांनी विचारलं. पाणी अडवायला, असं उत्तर आल्यावर उठले, काठीने जागा दाखवली आणि म्हणाले, "मंग वर घ्या. इथं काठ भुसभुशीत हाय, बाजूनं फुटते." पोरांनी लावलेला अख्खा थर उचलून पंधरा-वीस पावलं वर नेला. शिव्या घालत नेला, पण नेला. त्या नाल्यात संक्रांतीपर्यंत गुरांना पाणी होतं.

आता त्या "असं काय?" कडे येते.

आमच्या पोरांकडे असलेली आणि गावाला, त्याहून जास्त त्यांच्याच शेजारच्या बाकावरच्या पोराला हवी असलेली गोष्ट म्हणजे कागद. कोणता कागद, कुठून आणायचा, कोणत्या खिडकीत द्यायचा, ही माहिती. पहिल्या वर्षाला आलेलं पोरगं पहिल्यांदा हरतं ते अभ्यासात नाही, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. शिष्यवृत्तीचा अर्ज तिथे भरायचा. त्याला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, कुणाला नॉन क्रिमीलेअर, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. तलाठ्यापासून सेतूपर्यंत दोन-चार खेपा. शेवटी पोरगं कंटाळून चौकातल्या नेट कॅफेवाल्याकडे जातं. तो दहा मिनिटांत अर्ज भरून देतो आणि घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. पुढे अर्ज दुरुस्तीसाठी परत आला की निरोप जातो कॅफेवाल्याच्या फोनवर. पोराला कळतं ते मुदत संपल्यावर.

आणि पैसे मंजूर झाले तरी घोळ संपत नाही. थेट लाभाची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात येईलच असं नसतं. आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं गेलं तिथे ती जाते. आमच्याकडे एका पोरीची रक्कम वर्षभर "मिळाली" असं दाखवत होतं आणि तिच्या पासबुकात दमडी नव्हती. शोध घेतला तेव्हा कळलं, शाळेत असताना कुठल्याशा योजनेसाठी उघडलेल्या एका जुन्या खात्यात ती पडून होती. हे शोधून काढलं बीकॉमच्या एका पोराने, ज्याचं स्वतःचं असंच झालं होतं. बाबूंनी नाही, प्राध्यापकांनी नाही, मी तर नाहीच.

त्या पोराने पुढच्या जुलैत ग्रंथालयाबाहेरच्या व्हरांड्यात एक टेबल टाकलं. टेबल म्हणजे कॉलेजातला एक पाय डुगडुगणारा बाक, खाली विटेचा तुकडा. त्यावर एक वही, एक स्टॅपलर आणि कार्डबोर्डवर स्केचपेनने लिहिलेली कागदांची यादी. नाव वगैरे काही नव्हतं. पोरं त्याला "टेबल"च म्हणायला लागली. "टेबलावर जाऊन ये." नियम त्यानेच केले होते. अर्ज आपण भरून द्यायचा नाही, ज्याचा त्याने आपल्या फोनवर भरायचा, आपण शेजारी बसायचं. पासवर्ड त्याच्याच वहीत लिहायला लावायचा. कुणाचा दाखला कोणत्या जातीचा हे मोठ्याने वाचायचं नाही. हा तिसरा नियम त्याला कुणी शिकवला नव्हता. स्वतःचा दाखला खिडकीत मोठ्याने वाचला गेल्यावर कसं वाटतं हे त्याला माहीत होतं, एवढंच.

रासेयोच्या १२० तासांत हे बसतं का, असा प्रश्न निघाला. सरांनी बसवलं. अहवालात मात्र ते एका ओळीत आलं, कारण फोटोत काही दिसत नाही. दोन पोरं बाकावर बसून मोबाइलमध्ये बघत आहेत, असा फोटो कोणाला पाठवणार?

त्याच टेबलावर पुढे मतदार नोंदणीही आली. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असतील तरच त्या वर्षी नाव लागायचं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्जही करता येतो. नमुना सहा भरायचा, बस. हे पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन सांगायला पाच मिनिटं लागतात. आमच्याकडे त्यासाठी रॅली काढण्याची प्रथा आहे. घोषणा देत पोरं गावातून फिरतात, आणि घोषणा देणाऱ्यांतल्या निम्म्यांचं नाव यादीत नसतं.

आणखी एक काम आहे ज्याच्या वाट्याला पोरं फार कमी जातात. लेखनिकाचं. डोळ्यांनी न दिसणाऱ्या किंवा हाताने लिहू न शकणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात. विद्यार्थ्याने स्वतः लेखनिक आणला तर तो शिक्षणाने एक पायरी खालचा असावा लागतो. म्हणून अंतिम वर्षाला अकरावी-बारावीच्या पोरांची शोधाशोध होते आणि ती नेहमी आदल्या रात्री होते. सांगितलेलंच लिहायचं, चुकलेलं दिसलं तरी ओठ घट्ट मिटून बसायचं, हे हुशार पोरांना फार जड जातं. मी तर म्हणेन, चांगला लेखनिक होणं हे रासेयोच्या कोणत्याही शिबिराहून अवघड.

रक्तदानाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण तो माझ्या विषयाच्या जवळचा भाग.

दरवर्षी कुठल्यातरी जयंतीला कॉलेजात शिबिर होतं. अठरा वर्षं पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, असे निकष. तपासणीच्या टेबलावर निळ्या द्रवाची बाटली असते. तो मोरचुदाचा द्रव, घनता मोजून केलेला. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब त्यात सोडायचा. थेंब सरळ बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं. मधेच अडखळला, वर आला, तर नाही. यंत्र नाही, आकडा नाही, पंधरा सेकंदांत निकाल. मी प्राणिशास्त्राची, मला हा प्रयोग फार आवडतो. पोरांना वर्गात घनता शिकवताना जे जमत नाही ते इथे एका थेंबात कळतं.

पहिल्यांदा मी त्या टेबलाशी उभी होते तेव्हा रांगेतल्या मुली एकामागून एक परत फिरत होत्या. "मॅडम, माह्यं रक्त तरंगलं." हसत सांगायच्या. एकीचं तरंगलं की मागचीला कोपर मारायच्या. दुपारपर्यंत रक्त दिलेल्यांत जवळजवळ सगळे मुलगेच होते आणि परत पाठवलेल्यांत जवळजवळ सगळ्या मुली. शिबिर यशस्वी झालं, बाटल्या गेल्या, प्रमाणपत्रं वाटली. परत गेलेल्यांच्या नावांचा कागद टेबलावरच राहिला. खरं तर त्या दिवशी कॉलेजच्या हाती लागलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तो कागद होता.

पुढच्या वर्षी आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी तो कागद धरला. परत गेलेल्या प्रत्येक मुलीला आरोग्य केंद्रात नेऊन नीट आकडा काढून आणायचा, गोळ्या सुरू करायच्या, तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं, एवढाच बेत. कुमारवयाच्या मुलींसाठी लोहाची निळी गोळी आठवड्याला एक असते. शाळेत ती मिळते आणि कॉलेजात आल्यावर मिळायची थांबते, कारण कॉलेजात ती द्यायला कुणीच नसतं. शिवाय गोळी घेतली की मळमळतं, शौचाला काळी होते, मग घरात कुणीतरी म्हणतं की उष्ण पडते, आणि गोळी डब्यात जाते. आमच्या पोरींनी भाषण दिलं नाही. मधल्या सुट्टीत सगळ्या मिळून डबा खायच्या, डब्यात लिंबाची फोड असायची, चहा तासभर नंतर. "आता घेतली का वं?" एवढंच विचारायच्या. पुढच्या शिबिरात त्यांतल्या काहींचा थेंब बुडाला. एकीने रक्त दिलं आणि नंतर बिस्किटाचा पुडा मला दाखवत फिरत होती.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. विदर्भातल्या आदिवासी आणि इतरही काही समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. आई-बाप दोघंही वाहक, म्हणजे आजाराचं एकच जनुक असलेले, असतील तर दर बाळंतपणाला मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. आणि कळण्याचं वय हेच, लग्नाच्या आधीचं, म्हणजे कॉलेजचं. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तिचं लक्ष्य २०४७ चं. तपासणीचं पथक कॉलेजात येतं तेव्हा मुलांना रांगेत उभं करण्याचं काम रासेयोकडे येतं.

रांग लावणं सोपं आहे. अवघड काम रिपोर्ट आल्यावर सुरू होतं. तालुक्याच्या गावात कुणाचा रिपोर्ट काय आला हे संध्याकाळपर्यंत पाहुण्यारावळ्यांत पोहोचतं, आणि वाहक मुलीचं स्थळ मोडायला तेवढं पुरतं. मुलाचा रिपोर्ट तसाच असला तर त्याची चर्चा होत नाही, हेही लिहून ठेवते. म्हणून स्वयंसेवकाने इथे शिकायची पहिली गोष्ट म्हणजे तोंड बंद ठेवणं. पाकीट बंद, ज्याचं त्याच्याच हातात. कुणी "तिचं काय निघालं?" विचारलं तर "मले नाई माहीत" म्हणायचं, माहीत असलं तरी. एका पोराने मला विचारलं, "मॅडम, हे खोटं बोलनं नाई का?" मी म्हटलं, असू दे.

जाता जाता रक्तपेढ्यांबद्दल एक. साठवलेलं रक्त साधारण ३५ दिवस टिकतं. आपण सगळी शिबिरं एकाच पंधरवड्यात, मोठ्या जयंत्यांच्या आसपास घेतो, आणि एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद झाली की पेढ्यांचे फ्रिज रिकामे. सिकलसेलच्या, थॅलेसेमियाच्या लेकरांना मे महिन्यातही रक्त लागतं. कॉलेजच्या पोरांची गावनिहाय, रक्तगटनिहाय यादी करून ती उन्हाळ्यात वापरता आली तर एका मोठ्या शिबिरापेक्षा तिचा उपयोग जास्त. पण यादीचं उद्घाटन करता येत नाही.

स्वच्छतेचं सांगायलाच हवं, कारण आमचं विद्यापीठ गाडगेबाबांच्या नावाचं. २० डिसेंबरला पुण्यतिथी, २३ फेब्रुवारीला जयंती, दोन्ही दिवशी नवे खराटे येतात. बाबा गावात आले की दिवसा गाव झाडायचे आणि कीर्तन रात्री. आमच्याकडे आधी भाषण, मग खराटा, मग फोटो, आणि खराटे गोदामात. त्या दिवशीही मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नसतेच. आमच्या मुली एकीने आत जायचं नि दुसरीने दार धरून उभं राहायचं अशा जोडीने जायच्या. शेवटी दोघींनी वर्गणी काढून हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली आणि तिसरीच्या भावाने येऊन बसवली. झाडलोटीच्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा मला त्या कडीचं अप्रूप जास्त.

ज्यांना याहून लांबचं काही करायचं असतं त्यांना मी तीन नावं सांगते. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी असते. उन्हाची तयारी ठेवून जा. गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं 'निर्माण' २००६ पासून तरुणांना घेऊन आपण कशासाठी शिकतो आहोत या प्रश्नावर काम करतं. आणि सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पद्धत तरी माहीत करून घ्या. रासेयो जन्मली त्याच १९६९ सालचं ते कॉलेज. तिथली प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते आणि तिथे जाऊन राहते. डॉक्टर होणाऱ्या पोरांनी ते करणं मला पटतं. त्यांच्याकडे गावाला द्यायला काहीतरी नेमकं असतं.

आता गाडीचा विषय, ज्याशिवाय यातलं काहीच होत नाही.

"तास संपल्यावर थांबा, उपक्रमांत भाग घ्या" असं सांगणारे पाहुणे बहुधा स्वतःच्या गाडीने आलेले असतात. आमच्या निम्म्याहून जास्त मुली एसटीने येतात. मासिक पासवर तिकिटात ६६.६७ टक्के सवलत, म्हणून ते परवडतं. गावाची शेवटची गाडी साडेचारला असेल तर त्या मुलीचं महाविद्यालयीन जीवन साडेचारला संपतं. वक्तृत्व नाही, नाटक नाही, टेबल नाही. मुलगा कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जाईल, तिने तसं जायचं नाही. विद्यार्थी मंडळात, शिबिराच्या नेतृत्वात मुली का नाहीत यावर आमच्याकडे चर्चासत्र झालं. ते चार वाजता ठेवलं होतं. मुली सव्वाचारला उठून गेल्या.

टेबलवाल्या पोरांनी यातही हात घातला, त्यांच्याच पद्धतीने. घोषणा नाहीत, निवेदन घेऊन पुढाऱ्यांसोबत फोटो नाही. वहीत रकाने पाडले. गाव, फाटा, पास असलेली मुलं किती, मुली किती, शेवटचा तास किती वाजता सुटतो, गाडी किती वाजता. दोन आठवडे स्टँडवर उभं राहून कोणती गाडी रोज किती उशिरा येते तेही लिहिलं. मग अर्ज. पहिला मसुदा मी पाहिला तेव्हा "महोदय, आम्ही आपल्या चरणी नम्र विनंती करतो" अशी सुरुवात होती. चरण काढायला लावले. आगारातल्या साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला आणि वही मागून घेतली. पानं उलटत म्हणाले, "हे कोनी मोजलं?" त्यांनाही वरती काहीतरी दाखवायला लागतंच.

एका मार्गाची गाडी साडेचारची साडेपाचला झाली. दुसऱ्या मार्गाला नाही म्हणाले, चालकाची पाळी बसत नव्हती. साडेपाचच्या गाडीने जाणाऱ्या मुली आता दुपारनंतर टेबलावर बसतात आणि बाक नवा मागतात, कारण विटेचा तुकडा कुणीतरी पळवला. गेल्या आठवड्यात राहिलेल्या मार्गावरची दोन पोरं माझ्याकडे आली. "मॅडम, आमच्या गाडीचं बी करा ना."

"मी काय करू? तुमच्या फाट्यावर किती जण चढतात?"

"लय चढतात."

"लय म्हणजे किती?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना टेबलाकडे पाठवलं, वही तिथेच आहे.